ढेकरातून जाणारी वैरण: कुरणातलं गवत-पाला आणि जनावराच्या पोटातला मिथेन

गाय निवांत बसून रवंथ करत असेल तेव्हा तिच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) मूठ हलकी दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून काहीतरी वर उचलल्यासारखं हाताला लागेल. ते कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा. त्या हालचालीबरोबर वायू वर सरकतो आणि नाकातोंडातून श्वासाबरोबर निघून जातो. माणसाच्या ढेकरासारखा आवाज होत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो आणि मिथेन असतो. नव्यानं गोठा किंवा कळप सुरू करणाऱ्यांना मी आधी हे करून पाहायला सांगते. कारण मिथेन म्हटलं की लोकांना शेण आठवतं, आणि जनावराचा बहुतेक मिथेन तर तोंडावाटे जातो.

मी संगमनेर तालुक्याच्या पठार भागात राहते. तीन गाई, एक म्हैस, वीस-बावीस शेळ्या. रान मुरमाड, पाऊस बेताचा. दीड एकर गवताला राखलंय, बांधांवर सुबाभूळ आणि शेवरी आहे, आणि उरलेलं पोट माळावरच्या चराईवर भरतं. इथे लिहिते आहे ते अशाच कोरडवाहू रानासाठी. कोकणातल्या किंवा ऊसपट्ट्यातल्या वाचकांना गवतांची नावं बदलून घ्यावी लागतील. पोटातली गोष्ट सगळीकडे तीच आहे.

आधी पोटात काय होतं ते

गवत जनावर स्वतः पचवत नाही. कोटीपोटात अब्जावधी जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरश्या असतात, त्या तंतू फोडतात. फोडताना आम्लं तयार होतात आणि तीच जनावराची खरी भाकरी. त्यातली दोन आपल्या कामाची: ॲसिटिक आम्ल आणि प्रोपिऑनिक आम्ल. ॲसिटिक तयार होताना हायड्रोजन मोकळा पडतो, प्रोपिऑनिक तयार होताना हायड्रोजन वापरला जातो.

मोकळा हायड्रोजन साचला तर पचनच अडतं. तो उचलायचं काम मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव करतात. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन बनवतात, आणि तो बाहेर पडतो. म्हणजे मिथेन हा काही रोग नव्हे. पचन चालू राहावं म्हणून शरीरानं ठेवलेली ती मोरी आहे. ती पूर्ण बंद करायची नसते. मोरीवाटे वाहून जाणारं कमी कसं करता येईल, एवढंच पाहायचं.

कमी का करायचं? एक कारण हवेचं. मिथेन वातावरणात साधारण १२ वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट भरते. आणि २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटी २५ लाख गोवंश, जवळपास ११ कोटी म्हशी, १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत.

दुसरं कारण तुमच्या दावणीचं, आणि मला तेच आधी सांगावंसं वाटतं. जनावर खातं त्या चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपानं उडून जाते. मोठ्या हिशेबासाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवा: १ किलो कोरड्या चाऱ्यामागे सुमारे २० ग्रॅम मिथेन. दिवसाला ८ किलो कोरडा चारा खाणारी गाय १६० ग्रॅम मिथेन सोडते, वर्षाला ५८ किलोच्या आसपास. त्या १६० ग्रॅममध्ये जवळजवळ ९ मेगाज्यूल ऊर्जा असते. चार फॅटच्या एक लिटर दुधात साधारण ३ मेगाज्यूल असते. सगळी वाचणार नाही, चौथा हिस्सादेखील वाचवणं अवघड आहे. तरी पाणी, मजुरी आणि घाम घालून पिकवलेली वैरण रोज हवेत जाते, हे डोळ्यांसमोर असलं की माणूस गवताकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

कोणता आकडा धरायचा

इथे नवे लोक हमखास गोंधळतात, म्हणून थोडं थांबते.

समजा तुमची गाय निकृष्ट चाऱ्यावर आहे. ती दिवसाला साडेसहा किलो कोरडा चारा खाते, १३० ग्रॅम मिथेन सोडते आणि ५ लिटर दूध देते. लिटरमागे २६ ग्रॅम. आता तिला चांगलं गवत मिळालं. चांगलं गवत जनावर जास्त खातं, म्हणून ती साडेआठ किलोवर गेली, मिथेन १७० ग्रॅमवर गेला, दूध ८ लिटरवर गेलं. लिटरमागे २१ ग्रॅम. एकूण मिथेन वाढला आणि लिटरमागचा कमी झाला. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्याकडे वेगळे येतील.)

मग चांगलं झालं की वाईट? माझ्या मते चांगलं, पण अट आहे. तेवढंच दूध कमी जनावरांतून निघालं तर हवेचाही फायदा होतो. चारा सुधारला म्हणून दावणीला आणखी दोन गाई बांधल्या तर होत नाही. त्यामुळे तीन आकडे वेगळे ठेवा: जनावरामागे, किलो चाऱ्यामागे आणि लिटर दुधामागे (शेळ्या असतील तर करडाच्या किलो वजनामागे). कुणी ‘मिथेन इतके टक्के कमी’ असं सांगितलं की लगेच विचारा, यातला कुठला?

भाकड दिवसांचा चाराही याच हिशेबात येतो. कालवड उशिरा गाभण राहिली किंवा गाय वर्षभर रिकामी राहिली, तर तेवढ्या दिवसांचे ढेकर पुढच्या दुधावरच चढतात. म्हणून माज वेळेवर ओळखणं हेदेखील मिथेनचंच काम आहे. पण तो वेगळा विषय.

पहिलं पाऊल: भाद्रपदात रान चालून या

दुकानातून बी आणायच्या आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा. भाद्रपदात गवतं निसवायला (तुरे काढायला) लागतात, तेव्हा ओळखणं सोपं जातं. सोबत गावातला एखादा जुना गुराखी किंवा मेंढपाळ घ्या. धनगर मंडळी ज्या बारकाईनं गवत ओळखतात ते मला अजून साधलेलं नाही.

भारतातल्या गवताळ रानांचे अभ्यासकांनी पाच मोठे प्रकार मानलेत. त्यातला दख्खनचा प्रकार शेडा आणि मारवेल यांच्या कुळाचा आहे. म्हणजे आपल्या माळाचं मूळ गवत हे चांगलं गवत आहे. रान बेसुमार चरलं, दरवर्षी पेटलं, की शेडा आणि मारवेल मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. त्याहून बिघडलं की तरवड दिसायला लागतो, ज्याला जनावर तोंड लावत नाही. रानात मला काय दिसतं त्यावरून मी त्याची तीन गटांत वाटणी करते.

मारवेल, शेडा, डोंगरी, काळ्या ओलसर जमिनीत मोशी: ही राखायची. कुसळी, कुंदा: ही कोवळी असतानाच उपयोगाची. आणि रानमूग, गोकर्ण, जमिनीलगत पसरणाऱ्या शेंगावर्गीय वेली: या दिसल्या की मला आनंद होतो, कारण त्या आहेत म्हणजे रानात जीव आहे.

वहीत बांधाबांधानं लिहून ठेवा. अंदाजानं चालेल: ‘वरच्या पट्टीत अर्धी कुसळी, पाव मारवेल, वेली जवळपास नाहीत.’ पुढच्या वर्षी याच वहीशी ताडून पाहायचं आहे.

दुसरं पाऊल: विळा आधी घ्या

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

गवत कोवळं असतं तेव्हा त्यात साखर आणि प्रथिनं जास्त, काष्ठमय भाग कमी. निसवून दाणा भरला की झाड आपली शिदोरी बियांत टाकतं आणि काडी लाकूड व्हायला लागते. फुलोऱ्यात कापलेल्या मारवेलात ६ ते ८ टक्के प्रथिनं मिळू शकतात. तेच गवत कार्तिकात पिवळं होऊन उभं राहिलं की निम्म्याहूनही खाली येतं. प्रथिनं कमी झाली की कोटीपोटातल्या जिवाणूंची वाढ मंदावते, काडी फुटायला वेळ लागतो, चारा पोटात जास्त काळ पडून राहतो. जितका जास्त काळ तो आत राहतो तितका ॲसिटिककडे झुकलेला आंबवा चालतो आणि किलोमागचा मिथेन वाढतो. वर जनावराचं पोट भरलेलं असल्यामुळे त्याला आणखी खाताही येत नाही. दूध घटतं, ढेकर चालूच राहतात.

आमच्याकडे गवत कापायची रीत उशिराची आहे. माझ्या सासूबाई सांगायच्या, दसऱ्याआधी गवताला हात लावायचा नाही, आधी बाजरी घरात येऊ दे. त्यांचं चुकत नव्हतं. भाद्रपद-आश्विनात हात मोकळे नसतात, आणि पाऊस असतो. ओलं गवत रचलं तर गंजी आतून तापते, बुरशी धरते, आणि बुरशीचा चारा उशिरा कापलेल्यापेक्षा वाईट. त्यामुळे ‘लवकर कापा’ एवढं सांगून भागत नाही. आम्ही आता असं करतो:

दीड एकराच्या चार पट्ट्या केल्या आहेत. एक पट्टी श्रावणापासून रोजच्या ओल्या चाऱ्याला. दुसरी भाद्रपदाच्या उघडिपीत कापतो. तीन दिवसांचं ऊन मिळेल असा अंदाज आला तरच विळा लावायचा. कापलेलं पातळ पसरायचं, दुपारी उलटायचं, काडी पिळली तरी ओल जाणवत नाही आणि पान मात्र चुरत नाही अशा वेळी पेंढ्या बांधायच्या. रंग हिरवट राहिला पाहिजे. तिसरी पट्टी आश्विनात. चौथी मुद्दाम पिकू देतो, कारण बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी गवत कुठून येणार? दरवर्षी पिकवायची पट्टी बदलतो.

कापताना जमिनीपासून चार बोटं-वीतभर ठोंब सोडा. खरडून कापलं की फुटवा उशिरा येतो, आणि मुळांना खायला काही उरत नाही. चराईलाही हाच नियम. एका पट्टीत जनावरं आठवडाभर ठेवण्यापेक्षा दोन दिवस ठेवून पुढे हाकला आणि त्या पट्टीला महिनाभर विश्रांती द्या. नाहीतर जनावर आवडीचा मारवेल परत परत खुडतं आणि कुसळीला तोंड लावत नाही. दोन वर्षांत रान कुसळीचं होतं. कुसळाची टोकं मेंढ्यांच्या कातडीत रुततात ती वेगळीच पीडा.

हिवरे बाजारात चराईबंदी करून गवत कापून न्यायची शिस्त लावली, ते उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्या गावांना ते जमणार नाही, गायरानावर भूमिहीनांच्या शेळ्याही जगतात. पण स्वतःच्या बांधापुरतं तरी करता येतं.

आणि वणवा. ‘जाळलं की नवं गवत चांगलं येतं’ हे ऐकून कुणी रान पेटवू नका. उभा चारा जातो, बी जातं, कुसळीचं फावतं.

तिसरं पाऊल: गवतात शेंगावर्गीय मिसळा

उष्ण प्रदेशातली गवतं तंतूला जाड असतात. त्यांच्या पानात शिरा दाट असतात, त्यामुळे पान सहज फुटत नाही. थंड प्रदेशातल्या गवतापेक्षा आपल्या गवतांवर जनावर जास्त मिथेन सोडतं. २०११ साली जगभरातले प्रयोग एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात हा फरक १७ टक्के आला, आणि उष्ण प्रदेशातल्या शेंगावर्गीय चाऱ्याशी तुलना केली तर गवतावरचा मिथेन २० टक्के जास्त आला. न्यूझीलंडच्या कुरणांवरचा सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही, त्याचं हेही एक कारण आहे. पण आपल्याकडे द्विदलांची, म्हणजे शेंगावर्गीयांची, जी साथ आहे तीच आपल्या हातातली जमेची बाजू.

द्विदलाचं पान लवकर फुटतं, पोटातून लवकर पुढे सरकतं, आणि प्रथिनं आणतं, ज्यामुळे सोबतच्या वाळल्या काडीचंही पचन सुधारतं. कोरडवाहू माळासाठी माझी पहिली पसंती स्टायलो, हा एक शेंगावर्गीय चारा. बी बारीक आणि टणक कवचाचं असतं. कढत पाण्यात (उकळत्या नव्हे, साधारण ८० अंश) चार-पाच मिनिटं बुडवा, मग रात्रभर गार पाण्यात भिजत घाला. मृगाच्या पावसानंतर वाळूत मिसळून वरवर फेका. खोल गाडलं तर उगवत नाही. पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही असं वाटेल, धीर धरा आणि त्या पट्टीत जनावर घालू नका. दुसऱ्या वर्षी ते गवताच्या बुडाशी पसरतं.

मारवेलाचं बी मिळवत बसण्यापेक्षा मुळ्यांसकट ठोंब आणून दीड-दोन फुटांवर लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेल, स्टायलो आणि लसूणघास या तिन्हींचे वाण दिले आहेत. झाशीची भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच कामात आहे.

पाणी असेल तर दशरथ घास लावा, हाही शेंगावर्गीयच. शेळ्यांना तो फार आवडतो, पुन्हा पुन्हा फुटतो, आणि त्यात थोडं टॅनिन असल्यामुळे लसूणघासासारखी पोट फुगवण्याची खोड त्याला नाही. याच कुळातल्या वनस्पतींवर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या कोरड्या कुरणांत मिथेनच्या अंगानं काम झालं आहे.

प्रमाण किती? गवत दोन वाटे आणि द्विदल एक वाटा. त्याहून जास्त द्यायची घाई नको.

ज्यांच्याकडे फक्त उसाचं वाढं किंवा भाताचा पेंढा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते: ही वैरण एकटी देऊ नका. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झॅलेट जास्त, ते शरीरातलं कॅल्शियम अडवतं. पेंढ्यात वाळूसारखा सिलिका. या दोन्हींबरोबर द्विदलाचा फरक सगळ्यात ठळक दिसतो.

चौथं पाऊल: तुरट पाला, बेतानं

आता मिथेनचं नाव काढलं की सगळे ज्याबद्दल विचारतात ते टॅनिन. बाभळीच्या शेंगा, सुबाभूळ, बोर, जांभूळ, आंब्याचा पाला: हे खाल्लं की जीभ ओढल्यासारखी होते ना, तेच. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. कोटीपोटात ही जोडी तशीच राहते, पुढच्या आम्लाच्या कप्प्यात सुटते, म्हणून चांगली प्रथिनं वाया न जाता आतड्यापर्यंत पोहोचतात. शिवाय टॅनिन काही मिथेनजनक सूक्ष्मजीवांना दाबतं आणि तंतूचं आंबणं जरा हळू करतं. या दोन्हींमुळे मिथेन घटतो.

पण त्याच गुणात धोका आहे. एकूण कोरड्या चाऱ्यात टॅनिन २ ते ४ टक्क्यांच्या आसपास असेल तोवर फायदा. ५-६ टक्क्यांच्या पुढे गेलं की जनावर कमी खातं, शेण कडक होतं, वजन वाढायचं थांबतं. तेव्हा मिथेन कमी झालेला दिसेल, पण तो जनावर उपाशी राहिल्यामुळे. त्याला यश म्हणायचं नाही.

टक्का घरी मोजता येत नाही. आहे की नाही एवढं कळायला एक जुनी युक्ती आहे. पाला ठेचून पाण्यात भिजवा, त्यात गंजलेला खिळा टाका. पाणी काळं-निळं पडलं की टॅनिन भरपूर. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून शाई करायचे ती हीच रासायनिक क्रिया. जो पाला तुमच्या शेळ्या आधीपासून खातात त्यावरच हे करा, अनोळखी झाडांवर प्रयोग नकोत.

प्रमाणासाठी मी शेळ्यांकडे पाहते. मोकळी शेळी एकाच झाडावर पोट भरत नाही. बोरीचे चार शेंडे, मग गवत, मग बाभळीची डहाळी, मग दुसरंच काही. बांधलेल्या शेळीला हे स्वातंत्र्य नसतं. म्हणून दावणीला दोन-तीन प्रकारचा पाला एकत्र टांगा, एकाच झाडाचा भारा टाकू नका. बाभळीच्या शेंगा चैत्र-वैशाखात गोळा करून वाळवून ठेवता येतात. मोठ्या शेळीला दिवसाला मूठ-दोन मूठ, भरडून. वेड्या बाभळीच्या शेंगांशी गल्लत करू नका. त्या गोड असतात, जनावरं तुटून पडतात, आणि फार दिवस त्याच खाल्ल्या तर चावण्याच्या स्नायूंचा ताबा जातो.

सुबाभळीबद्दल थोडं सविस्तर. तिच्या पाल्यात टॅनिन आहे आणि भरपूर प्रथिनं आहेत. क्वीन्सलंडमध्ये गवताबरोबर सुबाभळीच्या रांगा लावलेल्या कुरणांत किलो चाऱ्यामागचा मिथेन कमी आढळला आहे. पण तिच्यात मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. त्यानं केस गळतात, गलगंड होतो. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र पोटभर सुबाभूळ खाऊन ठणठणीत असायच्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की त्या शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष फोडणारे जिवाणू आहेत. ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि त्यांचा त्रास थांबला. त्या जिवाणूच्या नावात आज जोन्स यांचं नाव आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथं औषध सापडलं ते एका जनावराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात. आपल्या व्यवहारात याचा अर्थ इतकाच: सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, हळूहळू वाढवा, गाभण जनावराला त्याहून कमी द्या, आणि घोडा, गाढव, ससे यांना देऊ नका. बांधावर लावली तर शेंगा वाळायच्या आत छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्या शेतात सुबाभूळच उगवेल.

शेवरी आणि रिठ्यासारख्या झाडांत सॅपोनिन असतं, जे पाण्यात फेस आणतं. ते कोटीपोटातल्या एकपेशीय प्राण्यांना मारतं, आणि मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीव याच प्राण्यांच्या आश्रयानं राहतात. सुरुवातीला परिणाम दिसतो, पण काही आठवड्यांत पोटातले जीव सरावतात. म्हणून शेवरी द्यायची ती प्रथिनांसाठी. मिथेन थोडा घटला तर वरकड.

घाई केली तर काय होतं

पहिल्या वर्षी आमची एक कालवड पहाटे दावं तोडून लसूणघासाच्या वाफ्यात शिरली. दव पडलेलं, पोट रिकामं. तासाभरात डावी भकाळी ढोलासारखी फुगली, बोट मारलं तर टणक आवाज. पुढचे पाय उंचावर येतील असं उभं केलं, बसू दिलं नाही, आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी घालून फेस मोडणारं औषध सोडलं. वाचली. कोवळ्या लसूणघासानं पोटात साबणासारखा फेस होतो आणि त्यात वायू अडकून बसतो, ढेकर येतच नाही. तेव्हापासून नियम: आधी वाळली वैरण, मग ओला लसूणघास, तोही दव उडाल्यावर आणि अर्धा दिवस सुकवून.

कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली किंवा कापणीनंतरचे फुटवे, किराळ लावते. यात सायनाइडची बाधा होते आणि जनावर तासाभरात जातं. फुलोऱ्याआधी ज्वारीत जनावर सोडू नका. घाणेरी आणि गाजरगवत चराईच्या रानातून उपटून काढा. आणि लांब उघडिपीनंतर पहिल्या पावसानं तरारलेला कोवळा चारा दोन-चार दिवस जपूनच द्या. त्यात नायट्रेट साठलेलं असू शकतं. गंमत म्हणजे नायट्रेट पोटातला हायड्रोजन उचलून मिथेन कमी करतं, पण त्याच वेळी रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं.

कुठलाही नवा चारा पहिल्या दिवशी एक दशांश, मग रोज थोडा वाढवत पंधरा-वीस दिवसांत पूर्ण. पोटातल्या जिवाणूंना घर बदलायला तेवढा वेळ लागतो.

पाचवं पाऊल: मिथेन न मोजता मोजायचं कसं

संशोधन संस्था जनावराला बंद खोलीत ठेवून, किंवा त्याच्या पोटात एक मागोवा घेणारा वायू सोडून श्वासाचे नमुने गोळा करून मिथेन मोजतात. आपल्याला ते शक्य नाही. पण पचन सुधारलं की नाही हे कळतं, आणि त्यावरून बरंच कळतं.

आठवड्यातून एकदा मूठभर ताजं शेण जुन्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. उरलेल्या चोथ्यात अर्ध्या बोटाएवढ्या काड्या बऱ्याच दिसल्या तर चारा पचत नाहीये. गवत फार जून आहे किंवा प्रथिनं कमी पडतायत. चोथा बारीक आणि थोडा असेल तर ठीक. शेणाचा पो मधे खड्डा पडून पसरावा; गाईचं शेण घोड्याच्या लिदीसारखं गोळ्या-गोळ्यांचं दिसलं तर तुरट पाला जास्त झालाय.

दुपारी सगळी जनावरं बसलेली असताना मोजा. दहापैकी सहा-सात रवंथ करत असायला हवीत. गव्हाणीत सकाळी किती वैरण उरली तेही पाहा. आणि संकलन केंद्रावरच्या पावतीवरचं लिटर आणि फॅट त्याच वहीत लिहा, जिथे रानाची नोंद केली होती. चारा बदलल्याची तारीख अधोरेखित करा. फरक तीन आठवड्यांनंतरच पाहा. त्याआधी दिसला तर तो बहुधा हवामानाचा असतो.

शेणाबद्दल एक वाक्य राहिलं. रानात पडलेलं, वाळलेलं शेण मिथेन फारसा सोडत नाही. खड्ड्यात पाण्याखाली कुजणारं सोडतं. खड्डा करायचाच असेल तर त्यावर गोबरगॅस बांधा, म्हणजे तो मिथेन चुलीखाली येईल.

बाहेरच्या पुड्यांबद्दल

दूध वाढवणाऱ्या आणि मिथेन घटवणाऱ्या भुकट्या आता विकायला येतात. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक तयार केलं आहे. मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्थेचं म्हणणं आहे. समुद्री शेवाळावरही जगभर काम चालू आहे. यांना माझा विरोध नाही. पण रोज मोजून भुकटी द्यायची तर जनावर दावणीला हवं, आणि आपली निम्मी जनावरं दिवसभर रानात असतात. शिवाय जून कुसळीवर भुकटी शिंपडून कुसळीचा मारवेल होत नाही.

तेव्हा पैसे हातात असतील तर या क्रमानं घाला: आधी गवत वेळेवर कापायला दोन दिवसांची मजुरी, मग स्टायलोचं बी, मग बांधावर सुबाभूळ-शेवरीची रोपं, मग कुट्टी मशीन. स्टायलोचं बी वैशाखातच आणून ठेवा. मृग लागल्यावर मिळत नाही, आणि मिळालं तर मागच्या वर्षीचं असतं. घेताना मूठभर आणून ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. शंभरातले पन्नास तरी उगवले तरच पोतं घ्या.